फुगलेलं सील

उज्ज्वलानं रबरी सील पितळी खाचेत बसवायचा पुन्हा प्रयत्न केला. ते बसेना. नवं असताना तेच अलगद आत जायचं.

"ब्रेक ऑइलात बुडवून ठेवलं अन् फुगलं, ताई," इर्शाद म्हणाला. कान्हे गावात त्याचं छोटं वर्कशॉप होतं. तिथली सीलं तळेगावच्या कारखान्यात ब्रेकमध्ये बसत आणि ते ब्रेक एका परदेशी मोटार कंपनीकडे जात. "मी आपलं सहज ठेवलं व्हतं. आता झोप लागत न्हाई."

कारखान्याची खरेदी उज्ज्वला बघायची. नेहमीचं रबर आणणारं जहाज युद्धामुळे लांबच्या वळशानं निघालं, लाइन बंद पडायची वेळ आली, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्याकडचं रबर वापरायला तिनंच सांगितलं होतं. घाईघाईच्या चाचणीत सगळं ठीक दिसलं. परवानगीवर सही तिची होती.

तिनं कारखान्याच्या प्रमुखांना, कैलास सरांना, फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आज काही करू नकोस. उद्या बोलू."

"सर, ते ब्रेक गाड्यांना लागलेत."

"उद्या, उज्ज्वला."

तिनं सील रुमालात गुंडाळलं. मोटार कंपनीचं इथलं काम पाहणाऱ्या अमृता मॅडम बैठकीसाठी खंडाळ्याच्या हॉटेलात उतरल्या होत्या.

"चला, इर्शादभाई."

"माझं वर्कशॉप बंद पाडतील, ताई."

"माझंही काही खरं नाही."

तो गाडीत बसला. लोणावळा मागे पडलं. पुढचा कंटेनर उतारावर सारखा ब्रेक लावत होता. त्याचे लाल दिवे लागले की इर्शादचा पाय आपोआप खाली दाबला जाई.

अमृतानं इर्शादला व्हरांड्यात बसायला सांगितलं. आत टेबलावर चहाचे दोन कप आधीच भरलेले होते. उज्ज्वलानं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि सील पुढे केलं. अमृतानं ते हातात घेतलं, पण नीट पाहिलंसुद्धा नाही.

"कैलास म्हणाले होते, तुम्ही आजच याल."

"त्यांना ठाऊक होतं?"

"आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे. आत्ता गाड्या परत बोलावल्या तर तीन देशांतले कारखाने थांबतील. नेहमीचं रबर येईपर्यंत गप्प राहायचं ठरलंय." तिनं सील पर्समध्ये टाकलं. "परवानगीवर सही तुमची एकटीचीच आहे ना?"

उज्ज्वलानं कप बाजूला सारला आणि हात पुढे केला.

"सील द्या."

अमृतानं पर्सची चेन ओढली. उज्ज्वलाचा हात तसाच राहिला.

दाराबाहेर इर्शाद घरी फोनवर बोलत होता. त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता.

"व्हय, ताईनं सांगितलं मॅडमला. आता काय बी काळजी न्हाई."