आतून उघडणारी झिप

"काका, हात आत घ्या हो. हात बाहेर ठेवून काय कळनार?" तेजस म्हणाला.

दिनानाथने हात आत घेतले. तुर्भ्याच्या त्या गाळ्यात, रिजेक्ट मालाच्या खोक्यांमधल्या चिंचोळ्या जागेत, तो ऑफिसच्या कपड्यांनिशी स्लीपिंग बॅगेत शिरून जमिनीवर आडवा पडला होता. वर तापलेला पत्रा, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि मध्ये पन्नाशीला टेकलेला हेडक्लार्क गळ्यापर्यंत बंद. ऑफिसातल्या कोणी पाहिलं असतं तर वर्षभराच्या करमणुकीची सोय झाली असती.

"ही आतून उघडते ना?" त्याने विचारलं.

तेजस हसायला लागला. "लोक विचारतात थंडी लागंल का, पानी जाईल का. हे तुमीच पैले विचारलं. उघडते ना! आत गेलेला मानूस बाहेर नको यायला?"

तेजस तुर्भे गावचाच. वडिलांच्या शेतावर कारखाने उभे राहिले होते आणि त्यातल्याच एकाचा नापास झालेला एक्स्पोर्टचा माल तो या गाळ्यात विकायचा. त्याने तीन बॅगा काढून ठेवल्या होत्या. पहिली गादीसारखी जाड. "ही हिमालयात न्या. आपल्याकडं नुसता घाम काढंल." दुसरी बरी होती, पण गुंडाळल्यावर घागरीएवढी व्हायची. तिसरी आकाशी रंगाची, पातळ, खास उन्हाळ्यासाठी शिवलेली. कुठल्याशा थंड देशातल्या लोकांच्या उन्हाळ्यासाठी. पण शिलाई वाकडी गेली आणि ऑर्डर परत आली. तिच्या पिशवीत कोंबली की ती दुधी भोपळ्याएवढी होई.

"हीच द्या... हीच," दिनानाथ झिप उघडत म्हणाला. "हलकी आहे."

"बरोबर हाय. चढताना खांद्याला कळतं."

खांद्याचा प्रश्नच नव्हता. ही तेवढी त्याच्या ऑफिसच्या बॅगेत डब्याखाली मावत होती आणि वरून रुमाल टाकला की दिसत नव्हती. पण असली कारणं दुकानदाराला सांगता येत नाहीत.

लपवायची होती ती बायकोपासून, अरुणापासून. अरुणा ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेली. तिथे दिवसाढवळ्या दार लावणं म्हणजे घरात भांडण झाल्याची जाहिरात. लग्नानंतर काही वर्षांनी दिनानाथने नेरूळला फ्लॅट घेतला. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, गॅलरीतून समोर डोंगर. त्याला काय आनंद झाला होता! पण मजल्यावरच्या चार दारांपैकी तीन कुलूपबंद. मालकांनी भाव वाढायची वाट बघत नुसती घेऊन ठेवलेली. पहिल्याच वर्षी एका दुपारी कोणीतरी बेल वाजवली आणि दाराबाहेर बराच वेळ उभं राहिलं. बोललं नाही, काही नाही, निघून गेलं. एवढंच झालं. पण अरुणाच्या मनातून ते माणूस काही गेलं नाही.

तेव्हापासून दाराला लॅच, कडी आणि साखळी. बेल वाजली की अरुणा आधी दारामागच्या खिळ्यावरची काळी छत्री हातात घेई, मग साखळीतून डोकावे. गच्चीवर ती कधी एकटी गेली नाही; उन्हाळ्यातली वाळवणंसुद्धा रविवारी दिनानाथ सोबत असेल तेव्हाच. मुलगी, ऋता, लग्न होऊन नाशिकला गेली आणि भीतीला घर मोकळंच मिळालं. दिनानाथ एकही रात्र बाहेर राहिला नाही. न्हावा शेव्याच्या क्लिअरिंग एजंटाकडे त्याची नोकरी. कांडल्याच्या शाखेची बढती आली ती त्याने सोडली. मित्रांची बोलावणी आली की तो म्हणे, "बायकोला बरं नसतं हो." वाक्य इतकं सरावाचं झालं होतं की समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ते तोंडातून बाहेर पडे.

लग्नाआधी हा गृहस्थ पाठीवर पिशवी मारून गडागडांवर हिंडायचा. आता रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून समोरच्या डोंगराकडे बघायचा. खडीवाले तोही दरवर्षी थोडा थोडा फोडून नेत होते. छातीवर कोणीतरी बसलंय असं त्याला वाटायचं. अरुणाचा राग यायचा म्हणावं, तर तोही येत नसे. आला असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस निघून तरी जातो.

यंदा ऑफिसातल्या नामदेवने राजमाचीचा बेत काढला. शनिवारी जेवून निघायचं, ऊन टाळायला रात्रीच चढायचं, काजवे बघत वर झोपायचं, रविवारी संध्याकाळी घरी. "येताय का साहेब?" त्याने सहज विचारलं, आणि सरावाचं वाक्य यायच्या आधी दिनानाथच्या तोंडून निघून गेलं, "येतो."

बॅग त्याने माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे ढकलून दिली. अरुणाला कधी आणि कसं सांगायचं, हे मात्र त्याला सुचेना.

रविवारी तो बाजारातून परतला तर जिन्यात सारसोळ्याची शेवंताबाई पाटी उतरवून बसलेली. दर रविवारी ती मासळी घेऊन यायची.

"भाऊ, वैनी आत हाय का नाय? कवाधरनं बेल मारतंय."

दिनानाथ पिशव्या सावरत दाराशी धावला. त्याने किल्ली फिरवली. कडी नव्हती. साखळीही लावलेली नव्हती. दार सरळ उघडलं.

हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, आकाशी बॅगेत गळ्यापर्यंत झिप ओढून अरुणा झोपली होती. तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम, आणि चक्क घोरत होती. शेजारी माळ्यावरून काढलेलं वाळवणाचं प्लास्टिक पडलेलं.

"अगो बाय!" शेवंताबाई दारातून बघत म्हणाली. "पोर झोळीत निजावी तशी निजलीय. नको उठवू तिला." आणि आवाज न करता पाटी उचलून ती जिना उतरली.

दिनानाथ पिशव्या हातात धरून तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांत अरुणाला दिवसा झोपलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

जागी झाल्यावर तिने बॅगेतून फक्त डोळे त्याच्याकडे वळवले. "प्लास्टिक काढायला चढले माळ्यावर. ही सापडली. म्हटलं बघू तरी काय आहे." मग पुन्हा छताकडे बघत, "यात भीती नाही वाटत हो. सगळीकडून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. कडी लावायचीसुद्धा विसरले."

दिनानाथ खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. नामदेव, राजमाची, डब्याखालची बॅग, वरचा रुमाल. तो मान खाली घालून बोलत होता. अरुणा ऐकत होती.

"मग जा की," ती म्हणाली. "मी यात झोपेन."

"आणि मी?"

"तुम्ही सोलापुरी चादर न्या. पूर्वी काय बॅगा घेऊन जात होतात?"

म्हणजे ज्या बॅगेमुळे जाता येणार होतं ती घरी ठेवून जायचं. त्याला हसू आलं, तीही हसली. त्या आठवड्यात दिनानाथ ऑफिसातून शीळ घालत घरी यायचा.

शनिवारी अरुणाने दशम्या बांधून दिल्या. "तुम्ही बाहेर पडलात की लगेच शिरते आत. भीतीला वेळच द्यायचा नाही," ती म्हणाली. आवाज जरा कापत होता, पण तिने स्वतःच त्याच्या खांद्यावर पिशवी अडकवली आणि वर चादरीची गुंडाळी ठेवली.

दार लागलं. दिनानाथ बाहेर उभा राहिला. आधी कडी वाजली, मग साखळी. मग पावलं, आणि मग झिप. एकसारखी, न थांबता, वरपर्यंत गेली.

"गेलात का हो?" आतून आवाज आला.

तो दाराशी आणखी सरकला. श्वास रोखून थांबला. ती पुन्हा हाक मारील, रडेल, साखळी काढून धावत येईल, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर तो त्याचीच वाट बघत होता. पण पुन्हा हाक आली नाही. बऱ्याच वेळाने तेच रविवारचं घोरणं ऐकू आलं.

खाली नामदेवच्या जीपचा हॉर्न वाजला. दिनानाथ जिना उतरला. जीपचं मागचं दार उघडं होतं, पोरं दाटीवाटीने सरकून त्याला जागा करत होती. त्याने दांडीला हात घातला. पाय उचलायचा होता, आणि पाय उचलला जाईना. आता कसलीही अडचण नव्हती. तेवढंच त्याला झेपेना.

"बायकोला बरं नाही रे," तो म्हणाला.

"अरेरे. जास्त आहे का?"

"नेहमीचंच."

जीप गेली. आता घरी जायला तोंड नव्हतं. बेल वाजवली तर ती दचकणार, आणि काय म्हणून परत आलो सांगायचं? तो आपल्या दारावरून पाय न वाजवता वर गेला आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, चादर पसरून पडला. गच्चीला नवा चुना दिलेला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की ती मला सोडत नाही. आणि आज तिने सोडलं, तर गडी चार जिने चढून इथवरच आला. दशम्या त्याने तशाच ठेवल्या. पहाटे कधीतरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर सावली होती. त्याने डोळे किलकिले केले. डोक्याशी एक काळी छत्री उघडून ठेवलेली होती, उडू नये म्हणून तिच्या दांड्यावर विटेचा तुकडा. पलीकडे त्यांच्याच घरचं प्लास्टिक अंथरलेलं, चारही कोपऱ्यांवर दगड, आणि त्यावर साबुदाण्याच्या ओल्या पापड्या. गच्चीवर दुसरं कोणी नव्हतं.

दिनानाथ उठून बसला. कितीतरी वेळ तो त्या पापड्यांकडे बघत राहिला. मग छत्री जागच्या जागी ठेवून, चादर गुंडाळून, तो हळूच खाली उतरला आणि सारसोळ्याच्या खाडीकडे चालू लागला. दिवसभर तो तिथे होड्यांच्या सावलीत बसून होता. चुकूनही लवकर घरी गेला नाही.

दिवेलागणीला त्याने बेल वाजवली. दार लगेच उघडलं, साखळीशिवाय. अरुणाच्या हातात छत्री नव्हती. ती दारामागे खिळ्यावर टांगलेली होती, कापडाला थोडा चुना लागलेला.

"दमलात?" तिने चहा ठेवत विचारलं.

"थोडा."

"काजवे दिसले?"

"दिसले," दिनानाथ म्हणाला. "झाडंच्या झाडं."

"बरं झालं." तिने त्याच्या हातातली चादर घेतली, गॅलरीत नेऊन झटकली. पांढरा चुना उडाला. तिने ती पुन्हा एकदा नीट झटकली, घडी घातली आणि आत येऊन आपल्या उशाशी ठेवली. मग कपाटातून आकाशी पिशवी काढून त्याच्या हातात दिली.

"पुढच्या वेळी ही तुम्ही न्या," ती म्हणाली. "मला आता चादर चालेल."

दिनानाथने पिशवी धरली. चहा उकळून वर आला तशी अरुणा आत धावली, आणि तो ती दुधी भोपळ्याएवढी पिशवी दोन्ही हातांत घेऊन हॉलमध्ये उभा राहिला.