दणकट माणसाचा डोस

पिशवीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं की पलीकडची खिडकी त्यातून, वाकडी का होईना, दिसत होती. खाटेच्या कडेला टांगलेली लघवीची पिशवी… मघाशीच रिकामी केलेली आणि पुन्हा तुडुंब. ती वाकून बघत राहिली. अतिदक्षता विभागातली औषधतज्ज्ञ बाई पिशवीकडे असं टक लावून बघते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सिस्टरना ठाऊक होतं; पण सिस्टर आज खुशीत होत्या. “काय झकास चाललीय बघा किडनी,” त्या अशा थाटात म्हणाल्या, जणू ती त्यांनीच हाताने फिरवत ठेवली होती.

खुशीत सगळेच होते. कालपर्यंत तीही होती. या खोलीत चालणाऱ्या गोष्टी मुळात कमी, म्हणून जे चालतंय त्याचं कौतुक करून घ्यायचं… माणसांचा जमाखर्च मांडायची तिला जुनी खोड. सिस्टर : तोंडाने उदार, रजा देताना चिक्कू. मोठे डॉक्टर : राग रोख, कौतुक उधार. आणि हा खाटेवरचा, घरोघरचं फर्निचर वाहणारा, दोघांनी उचलायचं कपाट एकट्याने जिना चढवणारा. आतडं फुटलं, जंतू रक्तात उतरले, आता यंत्राच्या नळीतून श्वास घेतोय… याचा ताप का हटत नाही? औषध बरोबर आहे. तपासणीत जंतू याच औषधाला मरतात. मग औषध जातंय कुठे?

इथे. या पिशवीत. तरणंताठं शरीर, त्यात तापाने पेटलेलं. मूत्रपिंडं दुप्पट राबतायत, आणि आपण पुस्तकातल्या सर्वसाधारण माणसाचा डोस घालतोय, आणि तो जंतूंना नीट भिडायच्या आत हा गडी बाहेर टाकून मोकळा होतोय. मूत्रपिंड दुबळं असलं की आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून डोस कमी करतो. धडधाकटाचा वाढवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्याचं काय, त्याचं चाललंय की…

मला काय धाड भरलीय.

अक्काचा आवाज. हा आत्ता कुठून आला? थोरली बहीण; आईचं दुखणं तिने काढलं, माझं बाळंतपण तिने काढलं, घरातल्या सगळ्यांची ख्यालीखुशाली तीच विचारते, आणि उलट तिला विचारलं की हे एवढं एकच वाक्य, वर हसणं. आम्हीही हसतो. वाढदिवसाला फोन, मधूनच ‘जप हं’… आणि समजतो, पुरलं असेल.

ती डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“डोस वाढवू या. आणि अर्ध्या तासात संपवून न टाकता पंपावर लावू, सावकाश, दिवसभर.”

“किडनी उत्तम आहे हो त्याची.”

“फार उत्तम आहे. तेच दुखणं आहे.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्हाला कुणाचं सुख बघवत नाही बुवा.” मग आवाज उतरवून : “आणि जास्त झालं तर? मेंदूवर चढलं, झटके आले तर?”

हे ती सकाळपासून स्वतःलाच विचारत होती. “येऊ शकतात. उद्या रक्तातली औषधाची पातळी कळेल. तोवर माझा अंदाज आहे, दुसरं काही नाही.”

अंदाज हा शब्द तिने या टेबलापाशी कधी उच्चारला नव्हता. डॉक्टर पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले. “मलाही त्याचा ताप खुपतोय,” ते म्हणाले, “नुसतं बघू बघू करत होतो.” आणि सही केली.

बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर त्याचे बूट.

“मॅडम, नवीन औषध लावलं म्हणे?”

“औषध तेच. थोडं जास्त, थोडं हळू. ते दणकट आहेत ना, त्यांना जास्त लागतंय.”

“दणकट.” बायकोने बुटाची नाडी ओढली, सोडली. “लोक नुसतं दणकट दणकट करतात. घरी या बघायला. साध्या सर्दीत पांघरुणाच्या आतून हाका मारतात, अगं, पाणी दे, कपाळ दाब. दारात कुणी आलं की ताडकन उभे.” ती हसली, आणि हसू अर्ध्यातच सोडून दिलं. “मलाच तेवढं दिसतं. म्हणून मी इथून हलत नाही.”

रुग्णांच्या नातेवाइकांजवळ बसायचं नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. उभ्याने बोलावं, निघावं. ती बसली. आत पंप बारीक घुरघुरत होता, औषध जात होतं, कदाचित पुरेसं, कदाचित पुरेशाहून जास्त… उद्याचा आकडा तिला नेहमी आवडायचा : चुकला तर चुकला, दुरुस्त करता येतो. आज त्या आकड्याच्या पुढे एक माणूस पांघरुणाआडून पाणी मागत होता, आणि तिला तेवढंच हवं होतं, ती हाक, आकड्याआधी, आकड्याशिवाय. किती हवं होतं, ते मोजायला ती गेली नाही. अक्का कुणाला हाक मारत असेल? पांघरुणाच्या आतून, दारात कुणी नसताना… मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मला ठाऊक नाही. शेजारी बायकोने बूट थोडे सरकवून तिला नीट टेकायला जागा करून दिली, आणि ती टेकली.