बाबांच्या मीटरची सुई

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठिणगीनं काँप्युटरच्या पडद्यावर एक नंबरचा दिवा शून्यावरून शंभरावर नेला आणि रंगमंचावर काहीही झालं नाही. मग दोन नंबर. मग तीन. बाराही दिव्यांच्या पाया पडून झालं, पण एकालाही डोळा उघडावासा वाटला नाही. पडद्यावर मात्र बाराच्या बारा उजळलेले. काँप्युटरच्या मते नाट्यगृहात लख्ख प्रकाश होता.

"लागले का गं?" रंगमंचावरून सुतारकाकांनी विचारलं. ते एका लाकडी पायरीला खिळे मारत बसले होते आणि हा प्रश्न त्यांनी तीन दिवसांत शंभर वेळा तरी विचारला होता.

"तुम्हाला दिसतायत का?"

"नाही."

"मग!"

सुतारकाका मुकाट्यानं पुढचा खिळा ठोकायला लागले. ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती शाळा सुटली की वडिलांच्या मागे मागे इथे यायची आणि कुणी काही बोललं की तडतडायची, म्हणून इथल्याच लोकांनी ते ठेवलं. आता ती अडतीस वर्षांची होती. बाबा निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं त्यांच्या जागी तीच दिवे सांभाळत होती. नाव काही सुटलं नाही. स्वभाव सुटला असता तर नावही सुटलं असतं, असं सुतारकाका म्हणत, पण ती लांब असताना.

भानगड अशी होती. रंगमंचामागच्या खोलीत बारा डिमर होते. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करणारं यंत्र. एका लोखंडी कपाटात बाबांनी तरुणपणी बसवलेले ते बारा अजून ठणठणीत होते. म्हातारा झाला होता तो त्यांना हुकूम देणारा बोर्ड. त्याच्या बारा दांड्यांपैकी पाच पार वेड्या झाल्या होत्या. वर नेली तर दिवा लागत नसे आणि हात काढून घेतला की राजाच्या मरणाच्या प्रवेशात फटकन लागे. नाट्यगृहाच्या मंडळाचं म्हणणं पडलं की सगळंच भंगारात काढा आणि दिव्यांचं काम ठेकेदाराला द्या. भर बैठकीत ठिणगी उभी राहिली आणि म्हणाली, डिमरना हात लावू नका, मी ते काँप्युटरला जोडून दाखवते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"शनिवारी चार वाजता मंडळ बघायला येईल," व्यवस्थापक म्हणाले होते. "बाराही दिवे काँप्युटरवरून लागले तर उत्तम. नाहीतर ठेकेदार. आणि ठेकेदार आपली माणसं बरोबर आणतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको."

वेगळं सांगायला नकोच होतं. तिची नोकरी जाणार, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि आज शनिवार होता.

जुने डिमर आणि नवा काँप्युटर यांना एकमेकांची भाषाच येत नव्हती. काँप्युटर एकाच केबलमधून सगळ्या दिव्यांचे आकडे भराभर पाठवतो. डिमरला आकडे कळत नाहीत. प्रत्येकाला आपली वेगळी तार हवी, आणि तारेत शून्य ते दहा व्होल्ट. दहा आले की पूर्ण उजेड, पाच आले की अर्धा. म्हणून ठिणगीनं दोघांच्या मधे बसायला एक दुभाष्या पेटी मागवली होती. पेटीच्या तळाशी नखाएवढी एक कळ होती. एका बाजूला अधिकची खूण, दुसऱ्या बाजूला उण्याची. काही जुने डिमर अधिक दहा व्होल्टवर चालतात, काही उणे दहावर, म्हणजे दाब तेवढाच पण उलट्या दिशेनं. माहितीपत्रकात लाल अक्षरांत छापलं होतं: आधी जुना बोर्ड मोजा, मगच कळ लावा. अंदाजानं लावाल तर डिमर जळूही शकतात.

आणि तिनं अंदाजानं काही केलं नव्हतं, म्हणून तर जास्त चिडचिड होत होती. पहिल्याच दिवशी तिनं बोर्ड मोजला होता. बोर्डाच्या मागची भोकं खोल. तिच्या नव्या मीटरची टोकं आत पोचेनात. शेजारीच खुंटीला बाबांचा जुना सुईचा मीटर टांगलेला होता. आठ वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या वायरींना बाबांनी सायकलचे आरे घासून लावले होते, ते बरोबर आत गेले. सुई शून्यावरून उजवीकडे सरकली आणि दहावर थांबली. म्हणजे अधिक दहा. तरी खात्री असावी म्हणून तिनं बाबांना फोन लावला होता.

"बाबा, तुमचे डिमर अधिकवाले ना?"

"डोळे झाकून! जन्मभर सुई उजवीकडेच गेलेली बघितलीय मी."

"नक्की ना?"

"अगं, डिमर मी बसवलेत की तू?" आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "तुझ्या त्या पेटीतच खोट असणार. आम्हाला कधी दुभाष्या लागला नाही."

तिनं कळ अधिकवर ठेवली आणि तिथून तिच्या नाकी नऊ आले. पेटीतून बाहेर येणारे व्होल्ट तिनं आपल्या नव्या मीटरनं मोजले. बरोबर दहा. मग डिमर का ढिम्म? तारा सोडवून पुन्हा जोडल्या. केबल बदलली. प्रत्येक डिमरचा फ्यूज काढून पाहिला. कंपनीला फोन केला तर तिथल्या गोड आवाजाच्या माणसानं विचारलं, "बंद करून पुन्हा चालू केलंत का?" तिनं सांगितलं, सतरा वेळा. तो म्हणाला, "एकदा करून बघा." त्यानंतर तिनं फोन ठेवला की आपटला, यावर सुतारकाकांचं आणि तिचं एकमत नाही.

घरी गेली तरी सुटका नव्हती. काल जेवताना पहिल्या घासालाच बाबांनी विचारलं, "लागले?"

"जेवू द्या तिला," आई म्हणाली.

"जेवू दे की. मी काय ताट ओढून घेतलं? म्हटलं, पेटी परत पाठव. पहिल्या दिवसापासून सांगतोय."

ठिणगी अर्ध्या जेवणावरून उठली. या माणसाचे डिमर वाचवायला आपण बैठकीत भांडलो, आणि हा इथे बसून पेटीला नावं ठेवतोय. तिला इतका राग आला होता की झोपेतही ती तारा सोडवत होती.

साडेबाराला व्यवस्थापक आले. बरोबर एक हसतमुख गृहस्थ होते, हातात मोजपट्टी. त्यांनी ठिणगीला नमस्कार केला, डिमरच्या खोलीच्या दाराची रुंदी मोजली, मग कपाटाची मोजली.

"अख्खं नाही निघणार," ते व्यवस्थापकांना म्हणाले. "कापून काढावं लागेल."

"चार अजून वाजले नाहीत," ठिणगी म्हणाली.

"नाही, नाही, आम्ही आपलं नुसतं बघून ठेवतोय," ठेकेदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याचाच तिला जास्त संताप आला.

ते गेल्यावर तिनं कपाटाला एक लाथ घातली. कपाटाला काही झालं नाही, अंगठ्याला मात्र झालं. ती खाली फरशीवर अंगठा धरून बसली आणि तिला रडायला आलं. आता एवढंच करायचं राहिलं होतं की पेटी खोटी आहे हे सिद्ध करावं आणि बाबांना म्हणावं, घ्या, झालं समाधान? नाचता येईना अंगण वाकडं, तसं तर तसं. बाबांनाच साक्षीला घ्यायचं म्हणून तिनं खुंटीवरचा त्यांचा मीटर ओढला आणि त्याची टोकं पेटीला लावली.

सुई फाडकन डावीकडे गेली आणि कडेला आपटली.

ठिणगीनं एक सणसणीत शिवी दिली. टोकं काढून पुन्हा लावली. पुन्हा डावीकडे. तिनं खिशातला नवा मीटर काढला, त्याच जागी लावला. अधिक दहा. एकाच पेटीला एक मीटर अधिक म्हणतोय आणि दुसरा उणे. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच तो कोण असेल याचा तिला संशय आला.

तिनं जुना मीटर उलटा केला. वायरी जिथे मीटरमध्ये शिरत होत्या तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, थरावर थर, वाळून कडक झालेली. तिनं नखानं ती खरवडली. पट्टी सुटली. लाल वायर उण्याच्या भोकात होती आणि काळी अधिकच्या.

"काय झालं गं?" सुतारकाकांनी दारातून विचारलं.

 तिनं एक वीतभर तार तोडून नव्या मीटरच्या टोकाला जोडली आणि जुन्या बोर्डाच्या खोल भोकात घातली. पहिल्या दिवशी हे सुचायला काय झालं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मीटरच्या काचेवर आकडा आला: दहा. आणि त्याच्या आधी एक छोटीशी आडवी रेघ.

उणे दहा.

तिनं पेटीचा वीजपुरवठा बंद केला, तळाची कळ उण्यावर सरकवली, पुन्हा चालू केला आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपुढे ठेवलेल्या काँप्युटरपाशी लंगडत धावली. एक नंबर. शून्य, दहा, वीस. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात एक दिवा तांबूस झाला, मग पिवळा, मग पांढरा.

"लागला गं!" सुतारकाका ओरडले. हे मात्र त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं.

चार वाजता मंडळाचे पाच जण आले, व्यवस्थापक आले, मोजपट्टी खिशात ठेवून ठेकेदारही आले. आणि त्यांच्यामागून, इस्त्रीचा शर्ट घालून, बाबा आले. व्यवस्थापकांनी त्यांना जुना माणूस म्हणून बोलावलं होतं. ठिणगीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिनं एकेक करून बाराही दिवे लावले, विझवले, मग सगळे एकदम लावले. मंडळातल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदारांनी मनापासून मान हलवली.

"छान," व्यवस्थापक म्हणाले. "म्हणजे आता ठेकेदाराचा प्रश्नच नाही. अडलं कुठे होतं?"

ठिणगीनं तोंड उघडायच्या आत बाबा रंगमंचाची पायरी चढून वर गेलेही होते, आपल्या दिव्यांखाली उभे राहायला. "पेटी," ते तिथून म्हणाले. "पेटीतच खोट होती. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हिला. पण ऐकतंय कोण!"

तीन दिवसांचं सगळं ठिणगीच्या डोक्यात गेलं. तिनं टेबलावरचा जुना मीटर उचलला, रंगमंचाच्या कडेपाशी गेली आणि तो वर त्यांच्या हातात दिला.

"बघा," ती म्हणाली. "पट्टी काढलीय."

बाबांनी चष्मा लावला. मीटर उलटा केला. लाल वायर, काळी वायर. जिथे चिकटपट्टी होती तिथे चिकट डाग राहिला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. 

"सुई डावीकडे जाऊन आपटायची," ते हळूच म्हणाले, फक्त तिला ऐकू येईल असं. "दर वेळी. मीटर नवा होता. वाटलं, मोडेल एखाद्या दिवशी. म्हणून वायरी उलट्या घातल्या आणि पट्टी मारली. माझ्याशिवाय वापरणार कोण होतं?" थोडं थांबून ते म्हणाले, "विसरलोच गं मी. साफ विसरलो."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे बाबांच्या बाबतीत घरातला प्रत्येक जण जाणून होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याला ठिणगी तयार नव्हती. बाबा वळले, मंडळाकडे तोंड केलं आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐका. पेटी चांगली आहे. चूक माझी होती. हिची नव्हती. माझ्यामुळे ही तीन दिवस उगीच मेली."

 बाराही दिवे पुऱ्या जोरात चालू होते आणि त्यांच्या बरोबर मधे बाबा उभे होते, हातात तो मीटर, पट्टीचा काळा चिकट डाग अंगठ्याला लागलेला. हे वाक्य ऐकायला ठिणगी लहानपणापासून थांबली होती. आणि आता ते ऐकल्यावर तिला वाटलं, पेटीत खोट होती असं ते म्हणाले होते, तेच आपण राहू द्यायला हवं होतं. त्या उजेडात त्यांच्या मानेवरची सैल कातडीसुद्धा दिसत होती.

ती काँप्युटरपाशी गेली आणि बाराही दिवे हळूहळू अर्ध्यावर आणले. डिमरांनी कुरकूर न करता ऐकलं.

"पाच नंबर मागे राहतोय," त्या मंद उजेडातून बाबा म्हणाले.

"दिसलं मला," ठिणगी म्हणाली. "सोमवारी सकाळी या. दोघं मिळून बघू."

बाबा मान खाली घालून मीटरमधल्या वायरी ओढून काढत होते. त्यांनी लाल वायर अधिकच्या भोकात घातली, नीट दाबली, मग काळी घातली, आणि तो घेऊन पायऱ्या उतरायला लागले. त्या मंद उजेडात शेवटची पायरी त्यांना दिसेना. ठिणगीनं पुढे होऊन हात दिला.