कोलमन हेव्हरनचं विरोधी मत

ड्रमक्लूनच्या कौन्सिलात सभेचं इतिवृत्त मी लिहिते. त्यामुळे त्या एप्रिलात काय झालं ते मला सगळं माहीत आहे.

कोलमन हेव्हरन चौदा वर्षं आमचा कौन्सिलर. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दातांचे, चष्म्यांचे, पेन्शनचे अर्ज त्यानंच भरून दिलेले. त्याचा स्वतःचा एक कान गेलेला, दुसरा त्याच वाटेवर. बायकोनं, डिम्फ्नानं, मागे लागून लागून त्याला कानाच्या मशीनसाठी सामाजिक विम्याच्या कचेरीत धाडलं.

खिडकीतल्या बाईनं कागद बघितले. "तुम्ही 'के' वर्गात, कौन्सिलर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लोकांनी निवडून दिलेली माणसं," ती ओरडून म्हणाली. "तुमच्या मानधनातून विम्याचे पैसे कापतात."

"कापतातच की! मग मशीन?"

"'के'ला मशीन नाही. दात नाहीत, आजारपण नाही. 'के'ला काहीच नाही."

"मग कापता कशाला?"

बाईनं कागद परत सरकवले. "वर्ग आहे ना तो," ती म्हणाली. "तक्रार असेल तर आपल्या कौन्सिलरला भेटा."

कोलमननं ठराव मांडायचं ठरवलं: एक तर आम्हाला लाभ द्या, नाहीतर कापणं थांबवा. कौन्सिलर सात. नोरा टुई आणि आणखी दोघे त्याच्या बाजूचे. निवडणूक तोंडावर आल्यानं उरलेल्या तिघांची तंतरलेली. "पेपरवाले आपल्याला सोलून काढतील रे," असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चौघं विरुद्ध तिघं. जिंकल्यातच जमा.

सभेच्या दिवशी अध्यक्ष लोर्कनला एका अंत्ययात्रेला जायचं होतं. "विषय नऊ आधी घेतो, सहा मागून," तो दाढीत पुटपुटला. विषय नऊ म्हणजे कोलमनचा ठराव. सहा म्हणजे पुलाजवळचा सार्वजनिक संडास बंद करणं. कोलमनला यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

तिघं बाजूनं, तिघं विरोधात. शेवटी लोर्कननं कोलमनकडे बघितलं.

कोलमन ताडकन उभा राहिला. "विरोधात! साफ विरोधात! लाज नाही वाटत? रोज वापरणाऱ्या गरिबांचा विचार करा जरा! आपल्या सोयीसाठी लोकांच्या तोंडचं काढून घ्यायचं?"

तोंडचं हा शब्द तिथं बरोबर नव्हता, पण तो रागात होता. नोराचा चहाचा कप बशीत आपटला. मी लिहिलं: विरोधात चार.

मग विषय सहा आला. "बाजूनं!" कोलमन आनंदानं गरजला. संडास बंद झाला.

गुरुवारी पेपरात पहिल्या पानावर त्याचा फोटो: 'स्वतःला नको म्हणणारा कौन्सिलर'. गरिबांविषयीचं वाक्य जाड ठशात. रविवारी चर्चच्या दारात लोकांनी त्याचे हात हातात घेतले. तो हसून मान हलवत होता. पेपर त्यानं पाहिलाच नव्हता; त्याला वाटत होतं, संडास वाचवल्याबद्दल आभार मानताहेत.

सोमवारी तो तरातरा माझ्याकडे आला. "संडासाला कुलूप कुणी लावलं, ओर्ला? मी विरोध केला होता!"

मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसला.

"बदल ना जरा," तो हळूच म्हणाला.

"सही झालीय, कोलमन."

"मग मी लोकांना खरं सांगतो."

आणि खरंच, घरोघर मतं मागताना त्यानं सांगितलं. "मला ऐकू आलं नव्हतं हो! मला लाभ हवेच होते!" लोक पोट धरून हसले. "बघा, कौतुकसुद्धा नको याला!" एका म्हातारीनं तर रडत रडत त्याला केक दिला. तो मतमोजणीच्या पहिल्याच फेरीत निवडून आला. इतकी मतं आमच्या भागात आजवर कुणाला पडली नव्हती.

जूनच्या सभेत नोरानं तोच ठराव पुन्हा आणला. या वेळी मी प्रत्येक प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून कोलमनसमोर धरला. त्यानं नीट वाचून, सावकाश म्हटलं, "बाजूनं."

बाकीच्या पाचांनी कोलमनला पडलेली मतं बघून धडा घेतला होता. पाचही जण उठून "गरिबांचा विचार करा!" म्हणाले आणि विरोधात गेले. नोरा अन् कोलमन, दोघंच उरले.

पेपर आला तेव्हा मी कोलमनच्या स्वयंपाकघरात सोडा-पाव खात बसले होते. डिम्फ्नानं मथळा वाचून दाखवला: "पद मिळताच पलटला."

"काय?" कोलमन म्हणाला.

"पलटला!" ती ओरडली. "पलटला म्हणतात तुला!"

कुंपणापलीकडे शेजारी कपडे वाळत घालत होते. ही बातमी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली बहुतेक, कारण हातातली चादर तशीच धरून ते आमच्याकडे बघत राहिले.