गाडी सोडायची नाही

जिन्याखाली, जुन्या चादरींच्या ओझ्याखाली दबलेली मी एक जुनी बाबागाडी आहे. हसू नका मित्रांनो, माझेही एकेकाळी फार कौतुक होते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी चारही चाके कशी अलगद फिरायची! या घरात मला आणले ते ताईसाठी. ती चालू लागली आणि माझ्यात तिचा धाकटा भाऊ येऊन बसला. त्याला सगळे गुंड्या म्हणत. त्याने माझ्यावर काय काय सांडले ते विचारूच नका! त्याच्याच कृपेने पुढच्या चाकात बिस्किटांचा चुरा गेला आणि चाक कुईं कुईं करू लागले. आई म्हणायची, "अहो, त्या चाकाला तेवढं तेल घाला." बाबा म्हणायचे, "घालतो गं, उद्या नक्की." तो उद्या काही उजाडला नाही.

ताई पाच वर्षांची आणि गुंड्या दोन वर्षांचा असताना आम्ही एक मोठे शहर बघायला गेलो. बाबांनी कागदावर अकरा ठिकाणे लिहून आणली होती. "एवढं आलोय तर सगळं बघूनच जायचं!" मुलांना मात्र कारंज्याजवळची कबुतरे पुरेशी होती. एवढा उंच मनोरा समोर, आणि गुंड्या आपला खाली वाकून मुंग्या बघतोय! माझ्यावर तीन पिशव्या, छत्री, पाण्याच्या बाटल्या. माझे पार गाढव झाले होते.

रस्त्यांवर गर्दी होती. म्हणून बाबांनी ताईला सकाळीच बजावले होते, "काय वाटेल ते झालं तरी गाडी सोडायची नाही. कळलं?" ताईने मान डोलावली आणि माझी डावी मूठ धरली ती धरलीच. तिच्या घामेजलेल्या हाताचा मला फार आधार वाटायचा.

पाचवे ठिकाण संग्रहालय होते. दारातला रखवालदार म्हणाला, "गाडी आत न्यायची नाही. इथेच ठेवा." आईने झोपलेल्या गुंड्याला खांद्यावर घेतले, बाबांनी पिशव्या उचलल्या आणि दोघे गर्दीबरोबर आत गेले. ताई आईबरोबर आहे असे बाबांना वाटले, बाबांबरोबर आहे असे आईला. ताई माझ्याबरोबर होती.

थोड्या वेळाने झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या आणि मला मागच्या बोळात घेऊन निघाल्या. ताई मूठ धरून निमूट चालली. "आईबाबा कुठे गं तुझे?" मावशींनी विचारले. "येतायत," ताई ठामपणे म्हणाली. मावशींनी मला भिंतीशी लावले, ब्रेक लावला आणि त्या आपल्या कामाला गेल्या.

कोणी आले नाही. ताई माझ्या मुठीला आणखीच बिलगली. मी तरी काय करणार? मला ना हात, ना तोंड.

इतक्यात लांबून आईची हाक आली. "ताईऽऽ!" असा आवाज मी आईचा कधी ऐकला नव्हता. नंतर कळले, दोघे पुढच्या दारात धावाधाव करत होते, लाल फ्रॉकची मुलगी पाहिली का म्हणून ज्याला त्याला विचारत होते. गाडीचे मात्र कोणीच विचारले नाही. मी मनात ओरडत होते, अगं सोड मला, पळ! पण ताई सोडेना. तिने दोन्ही पाय देऊन माझा घट्ट ब्रेक काढला आणि सगळा जोर लावून मला ढकलू लागली. चाक बोंबलले, कुईं, कुईं, कुईं!

"आपली गाली!" आईच्या खांद्यावर जागा झालेला गुंड्या ओरडला.

बाबा धावत आले आणि तिच्यासमोर मटकन खालीच बसले. "अगं, हाक ऐकून पळत का नाही आलीस?"

"गाडी सोडायची नाही म्हणालात ना तुम्ही," ताई म्हणाली, आणि मग मोठ्याने रडली.

बाबाही रडले, मित्रांनो. चारचौघांत, पिशव्यांसकट. "चुकलं माझं, बाळा. आता गाडी नाही, माझा हात धरायचा." तिने हळूच माझी मूठ सोडली. उरलेली सहा ठिकाणे राहिली ती राहिलीच. आम्ही संध्याकाळपर्यंत कबुतरे बघितली.

त्यानंतर ताईने माझी मूठ कधी धरली नाही. वाईट वाटले का? खोटे कशाला बोलू, वाटले. पण तिचा हात योग्य जागी गेला होता.

घरी आल्यावर बाबांनी खरोखरच तेलाची डबी आणली. चाकाशी बसले, बराच वेळ नुसते चाकाकडे बघत राहिले आणि डबी तशीच परत ठेवून आले. चाक अजून कुरकुरते.

तर मोठ्यांनो, तुमच्यासाठी एवढेच सांगणे. मूल तुमचे ऐकत नाही अशी तक्रार तुम्ही रोज करता. ते ऐकते हो, अगदी शब्दन् शब्द. सांगून झाल्यावर तेवढे मागे वळून बघत जा.