माधवरावांचा पासवर्ड

पेणच्या हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवून माधवराव निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. घरखर्चाच्या वह्या माळ्यावर गेल्या. रोज आंघोळ उरकली की ते जमाखर्च मांडायला बसत आणि विमलताई भाजी निवडता निवडता शेजारून बघत.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर मात्र त्यांनी हिशेबाला पासवर्ड घातला.

"कशाला हो? घरात आपण दोघंच."

"असू दे," एवढंच ते म्हणाले.

विमलताईंच्या मनाला ते लागलं. इतक्या वर्षांत या घरात कुणी कुणापासून कपाटाची किल्ली लपवली नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी पासवर्ड लागेना. माधवरावांनी वीसेकदा बोटं आपटली आणि मग ते बायकोवर कडाडले, "तूच बदललास!" विमलताईंना तर ते यंत्र चालूसुद्धा करता येत नव्हतं.

रोह्याला दिलेली लेक मैथिली तिथल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. ती आली, दिवसभर खटपट केली आणि तिने हात टेकले. शेवटी वडिलांच्या सहीचं पत्र जोडून तिने ती फाइल फ्लॉपीवर घेऊन हिशेबाचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवली. अठरा दिवसांनी फाइल उघडी होऊन परत आली.

दुपारी माधवराव पडले होते, तेव्हा मायलेकींनी ती लावली. विमलताई खुर्ची ओढून पडद्याजवळ बसल्या. कुणाला पैसे देत असतील? काय लपवत असतील?

डिसेंबरात विजेचं एकच बिल चार वेळा मांडलेलं होतं. किराण्यात शून्यं जास्त पडली होती. बाजूला इंग्रजी अक्षरांत मराठी शेरे होते: 'बिल भरलं का?' 'दूधवाल्याचं नाव आठवत नाही. विमलला विचारू नये.'

मैथिलीने तोंड फिरवलं.

"बघितलंस?" दारातून आवाज आला. माधवराव कधी उठून आले ते कळलंच नव्हतं.

"बघितलं," विमलताई म्हणाल्या. "मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? हातचा एक विसरला म्हणून मी पोरांना अंगठे धरायला लावलेत, विमल."

विमलताईंनी उठून त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"नवीन पासवर्ड घालू का, बाबा?" मैथिलीने हळूच विचारलं.

"नको," ते म्हणाले. "आता कुणापासून?"

पुढच्या आठवड्यात पनवेलच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि त्यावर औषध नाही हेही. विमलताई एका बोटाने टाइप करायला शिकल्या. माधवराव आकडे सांगत, त्या चढवत. वर्षभर बरं चाललं. मग आकडे मागे मागे, जुन्या काळच्या भावांकडे जाऊ लागले.

"दूध, सव्वा रुपया," एके दिवशी ते ठामपणे म्हणाले.

विमलताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि सव्वा रुपया मांडला.