मृदंगाखालची शिकवणी

मला आठवतो तो पहिला आवाज पिकल्या फणसाचा. उंचावरून सुटला आणि खाली पाचोळ्यावर धप्पकन आपटला. तेव्हा मी मृदंग नव्हतो. त्याच फणसाचं खोड होतो, लांज्याच्या अलीकडे एका परड्यात उभा. त्या आवाजानं अंगभर हललो. आपल्यातून एवढं काही निघू शकतं, याचं नवल वाटलं.

पुढे झाड तोडलं, खोड पोखरलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढलं, वाद्या आवळल्या आणि मी मृदंग झालो. काशीरामानं मला घरी आणलं तेव्हा त्याचे केस काळे होते. शाळा चौथीपर्यंत, बोलणं सावकाश. एक वाक्य सुरू केलं की ते संपेस्तोवर त्याचं पान जुळवून व्हायचं. वाजवायला बसला की मात्र हातांना थारा नसे. पुढे बोटं आखडायला लागली, तसं त्यानं मला मुलाच्या, रघूच्या, मांडीवर दिलं.

मला वाजवायचं तर आधी डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तिकडून घुमारा येतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. म्हणजे दर वेळी मला भरवतात आणि तोंड पुसतात. कणीक भिजवायची ती रघूची बायको, नम्रता. "ह्याचं जेवण झालं, आता तुम्ही कधी जेवताय?" असं ती नवऱ्याला चिडवायची.

दोन वर्षांपूर्वी रघू तापानं गेला. घरात सासरा आणि सून, दोघंच उरली. मला गवसणी घालून माजघराच्या वाशाला टांगलं. गणपतीत मंडळाची माणसं मला मागायला आली, तेव्हा कातडं उतरलंय असं सांगून काशीरामानं त्यांना परत पाठवलं. रघूचं नाव त्यानंतर घरात कुणी घेतलं नाही. तिला त्रास नको म्हणून तो गप्प, त्याला त्रास नको म्हणून ती गप्प. माणसं एकमेकांना जपतात ते असं, हे मी वरून बघत होतो.

नम्रता रत्नागिरीत एका दवाखान्यात नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची होती. लिहिता-वाचता येई, पण बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर तुटे. एकदा नापासही झाली. मग तिनं फोनवर शिकवणी लावली. तिथल्या बाईंनी सांगितलं, विषय संगीत. घरात कुणाशी तरी रोज त्यावर बोला.

घरात काशीरामाशिवाय होतं कोण?

"बाबा, तुम्ही मराठीत सांगा. मी इंग्रजीत म्हणून बघते."

"कशाबद्दल सांगू?"

तिनं माझ्याकडे बोट केलं.

तर माझं नाव ड्रम झालं. काशीराम म्हणाला, "ड्रम तो न्हाणीपाशी आहे, निळा. तो कधी वाजला?" नम्रता हसली. ते हसणं मी विसरूनच गेलो होतो.

मग रोज दिवेलागणीला माझ्याखाली शिकवणी बसू लागली. मी कान टवकारून ऐकायचो. कातडं म्हणजे स्किन, माझं आणि माणसाचंही. हे कळल्यावर काशीरामानं आपल्या मनगटाची सुरकुतली कातडी चिमटीत धरून पाहिली. ताणलेलं ते टाइट, उतरलेलं ते लूज. दोन ठोक्यांमधल्या जागेला काय म्हणावं, यावर दोघं अख्खी संध्याकाळ अडली. नम्रतानं फोनमध्ये शोधून तीनचार शब्द सांगितले, काशीरामाला एकही पटला नाही. "ती जागा रिकामी नसते, बाय," तो म्हणाला, "पुढचा ठोका तिथे दबून बसलेला असतो."

म्हशीचं दावं सैल झालं की तो आता लूज म्हणू लागला. शेजारची हौसा कुंपणापलीकडून म्हणाली, "काय नम्रता, सासऱ्यालाही विमानात बसवतेस वाटतं?" ती थट्टाच होती. काशीराम हसला नाही.

एकदा तो सांगत होता की उजवा हात कुणालाही शिकवता येतो, डावा ज्याचा त्यालाच येतो. नम्रता ते इंग्रजीत जुळवत होती, तोच पुढचं आपसूक निघून गेलं. "रघूज लेफ्ट हँड वॉज सॉफ्ट."

दोन वर्षांनी ते नाव माझ्या कानावर पडलं.

"काय म्हणालीस?"

"रघूचा डावा हात मऊ..." पुढे मराठीत तिला जाता येईना.

"मग ते वॉज कसलं?"

"वॉज म्हणजे... होता."

काशीरामानं तो शब्द हळूच उच्चारून पाहिला. होता हा शब्द दोन वर्षं दोघांच्याही घशात अडकला होता. वॉज हलका होता. त्याला अजून कुणाचं रडणं लागलं नव्हतं.

त्या दिवसापासून रघूच्या गोष्टी निघू लागल्या, इंग्रजीतून. रघू वॉज लेट फॉर एव्हरी भजन. रघू वॉज अफ्रेड ऑफ फ्रॉग्ज. अर्थ कळला की काशीराम मान हलवी. "भित्राच. बेडूक दिसला की बांध सोडून पळायचा." आणि दोघं डोळे पुसत हसायची.

नम्रता पास झाली. पेढे वाटले. पुढे नोकरीचं बोलावणं आलं, ते मात्र तिनं सांगितलं नाही. घरी वडील एकटे आहेत, थोडी सवड द्या, असं ती फोनवर म्हणत होती ते मी ऐकलं. शिकवणी तशीच चालू राहिली. काशीराम सावकाश बोलतो, पण सावकाश ऐकत नाही.

आज संध्याकाळी त्यानं स्टुलावर चढून मला खाली काढलं. "बाय, वाटीभर कणीक भिजव." ती बघतच राहिली, मग भिजवून घेऊन आली. त्याच्या आखडल्या बोटांनी ती नीट थापवेना, म्हणून तिनंच थापली. माझा आवाज भसाडा लागला. ठेका दोनदा निसटला, त्यानं तो पुन्हा धरला. मग हात माझ्यावरच ठेवून त्यानं विचारलं, "बोलावणं आलंय ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"परीक्षा झाली तरी शिकवणी चाललीय. न कळायला काय झालं?"

"मी नाही जात, बाबा. तुम्ही एकटे..."

आमच्याकडे घरातून निघणाऱ्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. वाण्याकडे निघालेल्यालाही ये. सुनेला जा म्हणणं म्हणजे तर घराबाहेर काढणंच. काशीरामाची जीभ त्या शब्दाला वळणार नाही, हे मला ठाऊक होतं. तो बराच वेळ माझ्या वाद्या चाचपत राहिला. मग एकेक शब्द जपून खाली ठेवल्यासारखा म्हणाला,

"आय विल प्ले. यू गो."

मला माणसासारखं बोलता आलं असतं, तर मीही तिला सांगितलं असतं. पोरी, नीघ. म्हातारा माझ्यापाशी आहे. रोज मला खाली काढील, कणीक कमीजास्त होईल, ठेका चुकेल, मी सांभाळून घेईन. तू फक्त तिकडे कुणी विचारलं तर रघूबद्दल बोलत राहा, कुठल्याही भाषेत.

बोलण्याच्या परीक्षेत पास झालेली ती मुलगी. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कणकेचे हात ओढणीला पुसत उठली, आणि आत निघून गेली. थोड्या वेळानं आतून बॅग ओढल्याचा आवाज आला.